क्रालिकबाई हरल्या तेव्हा

प्रोफेसर सेडलाक आणि क्रालिकबाई यांचं भांडण आमच्या संस्थेतल्या लिफ्टपेक्षा जुनं. लिफ्ट दोनदा बदलली, भांडण तेच राहिलं.

मी त्यात फुकटचा ओढला गेलो. मी लेओपोल्ड. सगळं व्हिएन्ना मला पोल्डी म्हणतं, निदान जेवढं व्हिएन्ना मला ओळखतं तेवढं तरी. धंद्याने रसायनवाला. भौतिकवाल्यांच्या तळघरात एक यंत्र होतं, त्यात सोडायला जडजड रेणू लागायचे, ते शिजवून द्यायचे हे माझं काम. त्यांच्यातलं कोण बरोबर, कोण चूक, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. पण दुपारच्या कॉफीला एकाच टेबलावर बसायचं म्हटल्यावर माणूस किती दिवस अलिप्त राहील?

भांडण काय होतं ते सांगतो. समजायला कठीण नाही, सोडवायला कठीण आहे. अणू-रेणूंसारखी बारकी वस्तू प्रवासात असते तेव्हा ती धड एका जागी नसते, लाटेसारखी पसरलेली असते. बारीक फटींच्या जाळीतून सोडली तर एकाच वेळी अनेक फटींतून जाते, आणि असे पुष्कळ रेणू सोडले की पलीकडच्या काचेवर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. पण एकेक रेणू बघाल, तर तो काचेवर येऊन बसतो एका ठिकाणी. एकच ठिपका. मग ती पसरलेली लाट गेली कुठे? तिचा ठिपका कोणी केला, आणि कधी? हिशेब शंभर वर्षं अचूक जुळतायत. या प्रश्नावर मात्र दोन शहाणी माणसं एका टेबलावर बसून कॉफी संपवू शकत नाहीत.

क्रालिकबाईंचं म्हणणं, लाट आपोआप कोसळते. कुणी बघो न बघो. वस्तू जितकी जड तितकी लवकर कोसळणार. तरुणपणी त्यांनी त्याचं एक सूत्र मांडलं होतं, आणि त्या सूत्रातून वजनाची एक मर्यादाही निघत होती. त्यापेक्षा जड रेणू घ्या, पट्टे दिसणार नाहीत.

सेडलाक म्हणत, असली मर्यादा निसर्गात नाहीच. जड वस्तूही लाटच. हवा, उजेड, ऊब सारखे तिला धक्के देत असतात म्हणून आपल्याला ती लाट दिसत नाही, एवढंच. "नीट सांभाळा, बाई, मी तुम्हाला बटाट्याचेसुद्धा पट्टे दाखवीन."

"बटाटा राहू द्या. आधी माझ्या मर्यादेच्या पलीकडचा एक रेणू दाखवा."

अशी पैज लागली. जो हरेल त्याने द्राक्षमळ्याच्या गुत्त्यात, भर गर्दीत, बाकावर उभं राहून गाणं म्हणायचं. दोघांनाही गाता येत नव्हतं, म्हणून तर ही शिक्षा ठरली.

टेबलावर आणखी एक नियम होता. डब्यात कोंडलेल्या त्या मांजराचा, अर्धं जिवंत, अर्धं मेलेलं म्हणून जगभर जो दाखला देतात त्याचा, उल्लेख जो करील त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना केक आणायचा. बाहेरून व्याख्यानाला आलेले पाहुणे हमखास सापडायचे. आमचं वजन त्यांच्यामुळे वाढलं.

या दोघांच्या मध्ये होती बुर्गी. वाल्पुर्गा टाश्लर, तिरोलच्या डोंगरातली, पस्तिशीची, बोलायला फटकळ. शिकली क्रालिकबाईंच्या हाताखाली, त्यांच्याच सूत्रावर प्रबंध लिहिला, आणि मग एक दिवस सरळ अंगण ओलांडून सेडलाकांच्या तळघरात यंत्र बांधायला गेली. संस्थेत कुजबुज झाली की पोरगी शत्रूच्या गोटात गेली. खरं तर क्रालिकबाईंनीच तिला ढकललं होतं. "जा. माझं सूत्र कागदावर सडतंय. ते काचेवर आणण्याची अक्कल त्या म्हाताऱ्याकडे आहे, माझ्याकडे नाही."

यंत्र म्हणजे खोलीभर लांबीची पोलादी नळी. आतली हवा पार उपसून काढलेली. एका टोकाला माझे रेणू तापवून उडवायचे, मध्ये ती जाळी, दुसऱ्या टोकाला काच. रेणूंत मी असा रंग घातला होता की काचेवर बसलेला प्रत्येक रेणू लेसरच्या उजेडात लाल चमकावा. पण वर्षामागून वर्षं गेली. रेणू जड केला की तापवताना तुटायचा, नाही तुटला तर जाळीला चिकटून बसायचा. मी नवा शिजवायचा, बुर्गी नवी जाळी लावायची. क्रालिकबाई कॉफी ढवळत विचारायच्या, "काय मग, मी अजून बरोबर आहे ना?"

त्या मार्चमध्ये, एका लख्ख सकाळी, बुर्गीचा फोन आला. "पोल्डी, खाली ये." एवढंच.

मी खाली गेलो. काचेचं चित्र दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्यासमोर ती हाताची घडी घालून उभी होती. पडद्यावर काळोख, आणि त्यात लाल ठिपके. एक इथे, एक तिथे. मग आणखी एक. पावसाचे पहिले थेंब फरशीवर पडतात तसे, कुठेही, कसेही. मी खुर्ची ओढून बसलो. ठिपके वाढत गेले, आणि बघता बघता त्यांना शिस्त लागली. इथे दाटी, तिथे मोकळं. परत दाटी, परत मोकळं.

"पट्टे आहेत," मी म्हणालो.

"मला दिसतंय."

"हा सगळ्यात जड वाला ना? मर्यादेच्या पलीकडचा?"

"बराच पलीकडचा."

मी उठून तिला मिठीच मारली. ती लाकडाच्या ओंडक्यासारखी ताठ.

"अगं, हस ना! जगात कुणी केलं नाही ते केलंस तू!"

"पोल्डी," ती म्हणाली, "बाईंना कोण सांगणार?"

सेडलाक तेव्हा पाठीच्या उपचारासाठी बाड गास्टाइनच्या गरम झऱ्यांत डुंबत होते, सोमवारी परतणार होते. बुर्गीने ठरवलं की सरांच्या आधी बाईंना कळलं पाहिजे. त्यांना हे व्हरांड्यातल्या गप्पांतून कळलं तर आपण दोघंही माणसं म्हणवून घ्यायच्या लायकीचे नाही, असं ती म्हणाली. माझा यात काय संबंध, असं मी विचारणार होतो. पण रेणू माझेच होते.

क्रालिकबाई रोज सकाळी काफे हालाव्हाचमध्ये खिडकीशी बसत. पंचाहत्तरीच्या, काटकुळ्या, पांढरे केस एका पेन्सिलीने वर खोचलेले. समोर दुधाळ कॉफी, पाण्याचा पेला आणि चार वर्तमानपत्रं. आम्हाला पाहून त्यांनी चष्मा काढला.

"दोघं एकदम? कोण मेलं?"

बुर्गी रस्ताभर घोकलेलं सगळं विसरली. "बाई, पट्टे आलेत."

"कुठल्या रेणूला?"

बुर्गीने सांगितलं. बाईंनी कपात बघितलं, मग खिडकीबाहेर. एक ट्राम गेली, तिच्या मागून दुसरी. मी मनात म्हटलं, आता काहीतरी भयंकर होणार. वेटर जवळ आला आणि आमचे चेहरे बघून परत फिरला.

"सावली असेल," बाई म्हणाल्या. "जाळीची नुसती सावलीही पट्ट्यांसारखी दिसते. तपासलंस?"

"अजून नाही. आधी तुमच्याकडे आले."

"वेडी आहेस. कोट द्या माझा."

"बाई, कॉफी तरी..."

"कॉफी काय पळून जाते?"

तळघराच्या जिन्यावर आम्ही त्यांचा हात धरायला गेलो, तर त्यांनी हात झटकला. यंत्रासमोर त्या पहिल्यांदाच येत होत्या. इतक्या वर्षांत कधी फिरकल्या नव्हत्या. पैज लागलेल्या घोड्याच्या तबेल्यात जाऊ नये, म्हणत. आता त्या नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, वाटेत एकदा तिच्यावर थाप मारली, आणि पडद्यासमोर बसल्या.

"हे वरचे पट्टे बघून काय करू? खालचे दाखव."

मला कळेना. बुर्गीला कळलं, तिचे कान लाल झाले. तिने मला सांगितलं. रेणू उडतात तेव्हा काही वेगाने जातात, काही सावकाश. सावकाश जाणारा वाटेत जास्त खाली येतो, फेकलेल्या दगडासारखा. म्हणजे काचेच्या वरच्या भागात चपळ रेणू बसतात, खालच्या भागात आळशी. सावली असेल तर वर-खाली सारखीच दिसणार. पण खरी लाट असेल तर आळशी रेणूंची लाट लांब, त्यांचे पट्टे रुंद. म्हणजे पट्टे खाली उतरता उतरता फाकत गेले पाहिजेत, पंख्यासारखे.

बुर्गीने काचेचा खालचा भाग पडद्यावर आणला. ठिपके जमायला वेळ लागला. पंप घुमत होते. बाईंनी केसांतली पेन्सिल काढली आणि पडद्यावर आडवी धरून पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. मग वरचं चित्र मागवलं, परत मोजलं. केस सुटून खांद्यावर आले होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

"फाकतायत," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"आता थोडी हवा सोड आत."

"पट्टे जातील."

"जातात का तेच बघायचंय. लाट असेल तर जातील. थोडीच सोड, सुईच्या टोकाएवढी."

बुर्गीने झडप किंचित फिरवली. ठिपके पडतच राहिले, पण आता त्यांची शिस्त मोडत चालली. मधल्या मोकळ्या जागाही भरत गेल्या, पट्टे धूसर झाले आणि शेवटी एक सरसकट लाल डाग उरला.

"बघ, पोल्डी," बाई मला म्हणाल्या, जणू मी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. "हवेचा कण येऊन रेणूला धडकला. धडकला म्हणजे तो कुठे होता ही खबर फुटली. खबर फुटली की लाट संपली. कुणी माणसाने डोळे लावून बसायला नको. हे त्या म्हाताऱ्याचं म्हणणं, आणि एवढं तर मीही मानते." त्यांनी बुर्गीकडे पाहिलं. "काढ हवा."

हवा निघाली, नवी काच लागली. पट्टे परत उभे राहिले, पहिल्यापेक्षा ठसठशीत.

क्रालिकबाई मागे टेकून बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. बुर्गी घाबरून गुडघ्यांवर बसली, त्यांचा हात धरला. "बाई, मला माफ करा, मी..."

बाई हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग आवाज करून.

"अगं, माफ कशाला? तुला ठाऊक आहे का, इतकी वर्षं लोक मला काय म्हणत आले? 'रंजक आहे, फ्राउ प्रोफेसर. फारच रंजक.' रंजक! सभ्य माणसाची जांभई आहे ती. एकाने कधी म्हटलं नाही, बाई, हे चूक आहे. चूक म्हणायला आधी ते खरं धरून बघावं लागतं, त्यासाठी घाम गाळावा लागतो. तू गाळलास. या रसायनवाल्याने गाळला." त्यांनी बाही डोळ्यांवर फिरवली. "मी चूक आहे! साफ, स्वच्छ, पुराव्यासकट चूक! पोल्डी, काहीतरी गोड आण रे. कुणी मांजराचं नाव नाही का काढलं?"

"मी काढतो," मी म्हणालो. "मांजर, मांजर, मांजर." आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत धावलो.

सेडलाक सोमवारी आले. त्यांना दारातच कुणीतरी सांगितलं. गळ्यात मफलर, हातात बॅग, तशाच अवस्थेत धापा टाकत ते कॉफीच्या टेबलाशी आले. ऐंशीला टेकलेला, गोल, भरघोस मिशांचा माणूस. चेहरा मात्र स्मशानात जाऊन आल्यासारखा केलेला.

"हेर्मिने, मला फार वाईट वाटतंय हो," ते क्रालिकबाईंना म्हणाले.

"खोटं बोलू नका, ओट्टोकार. तुमच्या मिशा हसतायत."

मिशा खरंच हसत होत्या. त्यांनी त्या हाताने झाकायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि ज्या खुर्चीवर बसले तिच्यावर केक आहे हे आम्ही सांगेपर्यंत उशीर झाला होता.

गाणं ठरलं एप्रिलच्या एका रविवारी दुपारी. शहराच्या टोकाला, ष्टामर्सडॉर्फच्या एका द्राक्षमळ्यात दारावर पाइनची फांदी लटकवलेली होती, म्हणजे नवी वाइन उघडली होती. अंगणात लांब बाकं, ऊन, काळा पाव, लाल तिखट घातलेलं चीज. संस्थेतले निम्मे लोक आले होते. शेजारच्या टेबलावर कुठल्याशा गायनमंडळातले निवृत्त नळजोडणीवाले बसले होते, चांगले धिप्पाड, चांगले रंगात आलेले. कोपऱ्यात अ‍ॅकॉर्डियनवाला.

बुर्गीने आणि मी बाईंना दोन्हीकडून धरून बाकावर चढवलं. त्यांनी अ‍ॅकॉर्डियनवाल्याला बोटाने सूर दाखवला, जणू तो त्यांना ठाऊक होता, आणि स्वतः रचलेलं गाणं सुरू केलं:

"लाट म्हणाली, दमले मी,
बाई म्हणाल्या, पड ना गं!
केली वजनी, केली जड,
तरी मेली पडली ना गं!"

सूर इतका बेसूर होता की अ‍ॅकॉर्डियनवाल्याने आशा सोडून नुसता ताल धरला. पण दुसऱ्या खेपेला नळजोडणीवाल्यांनी शेवटची ओळ उचलली. बारा धिप्पाड माणसं, चार सुरांत, "तरी मेली पडली ना गं!" अंगण दणाणलं. स्वयंपाकघरातून मालकीण हात पुसत बाहेर आली.

त्यांच्यातला एक मला विचारतो, "काय हो, पडली नाही कोण?"

"लाट."

"डॅन्यूबची?"

"नाही, माझ्या रेणूची."

"रेणू तुमची बायको?"

मी हो म्हणून टाकलं. काही गोष्टी समजावण्यापेक्षा वाइन पिणं बरं.

बाई खाली उतरल्या, गाल लाल. पेला उचलून सरळ सेडलाकांसमोर उभ्या राहिल्या. "ओट्टोकार, उठा. इतकी वर्षं भांडलो आणि अजून अहो-जाहो करतोय. लोक घटस्फोटसुद्धा एकेरीत घेतात. मी बाईमाणूस, विचारायचा मान माझा. आजपासून मला तू म्हणा."

सेडलाक उठले. एकमेकांच्या हातात हात गुंफून दोघांनी आपापला पेला रिकामा केला, रीतीप्रमाणे गालाला गाल लावले. टाळ्या झाल्या.

"हेर्मिने, तुम्ही..." ते म्हणाले.

"तू."

"तू... बसता का?"

बुर्गी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीत थापा मारत होतो.

मग गर्दी जरा पांगली. सेडलाक पेल्याचा तळ बघत बसले होते. "मी जिंकलो," ते म्हणाले. "ठीक आहे. पण आता मी भांडू कुणाशी? ही बुर्गी माझं ऐकते, त्यात काय मजा?"

"मी कधी ऐकलं तुमचं?" बुर्गी म्हणाली.

क्रालिकबाईंनी पिशवीतून त्या काचेचा फोटो काढला, पावाचे तुकडे बाजूला सारून टेबलावर ठेवला, आणि एका लाल ठिपक्यावर बोट टेकवलं.

"हा इथे का पडला?"

"कारण इथे पडण्याची शक्यता जास्त होती."

"तेवढीच शक्यता या शेजारच्या पट्ट्यातही होती. मग तिथे का नाही? सगळ्या जाळीभर पसरून आला, आणि बसला इथे. का?"

"हा प्रश्न विचारायचा नसतो, हेर्मिने."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो!"

"तू कोण?"

"तू कोण म्हणजे? मी जिंकलेला माणूस आहे!"

"तू पट्टे जिंकलास. ठिपका अजून माझ्याकडे आहे. माझं उत्तर मेलं, ओट्टोकार, माझा प्रश्न ठणठणीत आहे."

सेडलाकांनी मफलर काढून बाकावर आपटला आणि बाह्या सावरल्या. त्यांचा आवाज चढला, बाईंचा त्याच्या वर. बुर्गी आधी एका बाजूने बोलली, मग दुसऱ्या बाजूने, मग तिने दोघांनाही मूर्ख ठरवलं. नळजोडणीवाल्यांनी आपला बाक ओढून जवळ आणला आणि कुणाची बाजू घ्यायची यावर त्यांच्यातच दोन तट पडले.

उन्हाळ्यात बुर्गीचा निबंध छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत तिने लिहिलं होतं की हा प्रयोग ज्यांच्या सूत्राविरुद्ध गेला, त्यांनीच तो सर्वांत कसून तपासला. पुढे तिला इन्सब्रुकला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, डोंगर दिसणाऱ्या खिडक्यांसकट. मी दर महिन्याला तिकडे रेणू घेऊन जातो. रेणूच न्यायचे तर टपालाने जातात, हे सगळ्यांना माहीत आहे, तिला तर सर्वांत जास्त. ती काही बोलत नाही, फक्त मी पोचतो त्या दिवशी बटाट्याची भाकरी भाजून ठेवते.

ऑक्टोबरात क्रालिकबाईंनी हट्टाने पहिल्या वर्षाचा वर्ग मागून घेतला. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. पोरं खच्चून भरलेली. बाईंनी फळ्यावर आपलं सूत्र लिहिलं, सुबक अक्षरात, शेवटच्या चिन्हापर्यंत. मग त्यावर एक लांबलचक तिरकी रेघ ओढली आणि वळून म्हणाल्या, "हे माझं. हे चूक आहे. कसं चूक ठरलं, ते आता तुम्हाला सांगते. इतकी सुंदर गोष्ट मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही."

तास संपता संपता पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "पण मग तो रेणू त्याच जागी का बसतो?"

बाईंनी खडू खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा फुलला की मला मागच्या बाकावरूनही दिसला.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच माहीत नाही. नाव काय तुझं?"

आणि आमच्याकडे वर्गात टाळ्या वाजवत नाहीत, बाकांवर बोटांच्या पेरांनी ठोकतात. त्या दिवशी पोरं ठोकत राहिली, ठोकत राहिली, वरच्या मजल्यावरून कुणीतरी काय पडलं म्हणून बघायला येईपर्यंत.